अंजूरचा प्लांट

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा टोप आहे, आणि थोडा गर्विष्ठ आहे हेही आधीच सांगून टाकतो. तांबटाने मला ठोकून ठोकून इतका मोठा केला की दोन माणसं लागल्याशिवाय मी जागचा हलत नाही. अंजूर गावात केसरीनाथच्या घरी मी नांदतो. आमच्याकडे माणूस एक वेळ लग्नाला चुकेल, पण हळदीच्या मटणाला चुकणार नाही. ते मटण माझ्या पोटात शिजायचं. केसरीनाथची आई, आक्का, चुलीशी उभी राहून ढवळायची आणि जेवणारे विचारायचे, "चव आक्काच्या हाताची की टोपाची?" मी मनात म्हणायचो, टोपाची.

पुढे शेतांच्या जागी गोदामं उभी राहिली. हळदीला केटरर येऊ लागला, तो आपली चकचकीत भांडी घेऊनच. मला पडवीत पालथं घातलं. माझ्या पाठीवर आधी कोंबड्या बसल्या, मग जुन्या चपलांचा ढीग आला. अंगावर हिरवट डाग चढले. फार वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी भंगारवाला दारात आला. त्याने माझ्यावर टिचकी मारली. "माल अच्छा है, सेठ. सोमवार को गाडी लाता हूँ." केसरीनाथने मान डोलावली.

तेवढ्यात उन्नती आडवी आली. ही केसरीनाथची कॉलेजात शिकणारी मुलगी. वर्षापूर्वी डॉक्टरांनी केसरीनाथच्या हृदयात स्प्रिंग बसवली, तरी त्याचं रविवारचं मटण सुटत नव्हतं. म्हणून पोरीने मैत्रिणींना घेऊन एक माहितीपट बनवला होता. भाज्या आणि कडधान्यं जास्त खाल्ली तर हृदयाला बरं आणि जमीन-पाण्यावरचा भारही कमी, असं त्यात होतं.

"पप्पा, रविवारी समाजमंदिरात दाखवणार आहोत. नंतरचं वालाचं जेवण ह्याच टोपात करू. विकू नका ना."

केसरीनाथ हसत सुटला. "रविवारी शाकाहारी? अगो, कुत्रं पन फिरकाचं न्हाय. पन्नास मानसं जेवली तर टोप ठेवतो, आनि मी पन जेवतो. न्हायतर सोमवारी गाडी हाय."

खरं सांगू? नाक मीही मुरडलं. मटणाचा टोप मी, आणि माझ्या नशिबी वाल! पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी.

आक्काने कल्हईवाला बोलावला. कितीतरी वर्षांनी मी आतून चकाकलो. मग तिने पोतंभर वाल भिजत घातले. उन्नती म्हणाली, "आजी, पन्नास माणसांचे पुरे."

"टोप भरल्याबिगर चुलीवं चढवाचा न्हाय," आक्का म्हणाली. तो तिचा जुना नियम.

उन्नतीने देवळाशेजारच्या फळ्यावर लिहिलं होतं, 'प्लांट-बेस्ड जेवणावर माहितीपट. नंतर जेवण.' आता आमच्या गावात प्लांट म्हणजे कारखाना. लोकांनी प्लांट वाचलं, माहिती वाचलं, जेवण वाचलं, आणि काय समजायचं ते समजले. कंपन्या अशाच येतात, आधी माहिती देतात, मग जेवण, मग जमीन मागतात.

रविवारी दोनशे माणसं आली. मी समाजमंदिराच्या मागे तीन दगडांवर रटरटत होतो. खिडकीतून सगळं दिसत होतं. पडद्यावर वालाचं हिरवंगार शेत आलं, आणि हरेश उठून उभा राहिला. गावात उरलेल्या थोड्या शेतांपैकी एक त्याचं.

"ह्ये वाल-बिल ऱ्हाऊ दे. प्लांट कुठं येतंय ते सांग. कुनाची जमीन जाते?"

उन्नती गोंधळली. "प्लांट म्हणजे झाड, काका. झाडापासून मिळणारं जेवण. कारखाना नाही."

खुर्च्या सरकू लागल्या. "फुकटचा दिवस घालवला," कुणीतरी म्हणालं. लोक दाराकडे निघाले. उन्नतीचा चेहरा उतरला. मला तर सोमवारची गाडी डोळ्यांसमोर दिसू लागली.

आक्काने माझं झाकण उचललं. मित्रांनो, जन्मात सोडली नसेल इतकी वाफ मी तेव्हा सोडली. लसूण, खोबरं, कोकम आणि मऊ शिजलेले वाल यांचा वास खिडकीतून आत गेला. दारापर्यंत पोचलेले लोक घुटमळले.

"कोन चालला रं?" आक्का बाहेरूनच ओरडली. "प्लांट ह्यो काय, हितं हाय. धूर दिसत न्हाय का? आनि हरेश, भात कापल्यावं तू वाल टाकतोस, त्याला पानी कोन देतं?"

"कोन न्हाय. रातच्या दवावं येतो," हरेश म्हणाला.

"मंग पोरगी दुसरं काय सांगते? जमीन ऱ्हायली तरच ह्यो प्लांट चालंल. बस खाली."

हरेश आधी हसला आणि बसला. मग सगळेच बसले. माहितीपट शेवटपर्यंत पाहिला गेला. जेवणाला बसल्यावर वाढणाऱ्यांची तारांबळ उडाली. केसरीनाथने दोनदा मागून घेतलं. शेवटी आक्काने माझा तळ खरवडला तेव्हा मी अभिमानाने फुगलो होतो. चव कुणाची, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. मी मात्र मनात म्हणालो, आक्काची.

सोमवारी भंगारवाला गाडी घेऊन हजर. केसरीनाथ मला चिंच लावून घासत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "नहीं देना, भाई. प्लांट चालू है."

तेव्हापासून गाव मला प्लांटच म्हणतं. हळदीला अजून केटररच येतो, आणि येवो बापडा. पण महिन्यातून एक रविवार माझा असतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो, तुमच्याही पडवीत कुणी पालथं पडलं असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याला एकदा उलटून बघा. कल्हई लागेल, चिंच लागेल, हातही थोडे दुखतील. आणि चुलीवर चढवाल तेव्हा भरूनच चढवा. माणसं येतात.