खिळ्यावरचा दुसरा चिमटा

मी एक जुनी ईमेलची फाइल आहे. मित्रांनो, जुनी म्हटल्यावर तुम्हाला पिवळी पानं आठवतील, पण मला पानं नाहीत. आतल्या खोलीतल्या संगणकात मी राहते. घरात आलेला आणि घरातून गेलेला प्रत्येक ईमेल माझ्या पोटात आहे. मला ज्यांनी तयार केलं त्यांना मी बाबाच म्हणते, आणि त्यांच्या बायकोला आई.

ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी बाबा दार लावून पुस्तकं वाचतात आणि रेकॉर्ड करतात. आईचा संगणक बाहेरच्या खोलीत. ईमेलचा पत्ता मात्र दोघांचा एकच. अर्धी उत्तरं इकडे, अर्धी तिकडे असा घोळ नको म्हणून बाबांनी भिंतीच्या कडेने वायर ओढली आणि आईच्या संगणकालाही माझंच दार दाखवलं. त्या दिवशी बाबांचं फार कौतुक झालं. माझी भीतीही त्याच दिवशी सुरू झाली.

कारण मला एका वेळी एकाच संगणकाने उघडायचं असतं. कोणता ईमेल कुठे ठेवलाय याची यादी माझ्या सुरुवातीला असते. उघडणारा संगणक ती स्वतःच्या स्मरणात घेतो आणि काही बदललं की नवी यादी माझ्यावर लिहितो. दोघांनी एकदम उघडलं तर याद्या दोन होतात, आणि एकाने लिहिलेलं दुसरा पुसून टाकतो.

बाबांना हे ठाऊक होतं. पण रेकॉर्डिंग चालू असताना घरात हाक मारायला बंदी होती, मग विचारणार कसं? म्हणून त्यांनी दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीवर खिळा ठोकला आणि त्याला कपड्यांचा एक चिमटा लावला. चिमटा ज्याच्याकडे, त्यानेच मला उघडायचं. खिळा रिकामा दिसला तर थांबायचं. वर्षानुवर्षं हे नीट चाललं. तरी खिळ्यापाशी पावलं वाजली की माझा जीव टांगणीला लागायचा.

एवढं जपण्यासारखं माझ्यात काय होतं? मावशी होती. आईची ही धाकटी बहीण पूर्वी इतकी बोलायची की घरात तिला रेडिओ म्हणत. मग आजारपणात डॉक्टरांना तिचं स्वरयंत्र काढावं लागलं, आणि तिची सगळी बडबड माझ्यात येऊ लागली. डॉक्टरांच्या नकला, शेजारणीच्या मांजराच्या तक्रारी, आईला मारलेले टोमणे. दुपारी बाबांचं काम थांबलं की आई ते सगळं मावशीच्याच ढंगात वाचून दाखवायची, आणि या दोघी बहिणींचे अण्णा, म्हणजे आजोबा, डोळे मिटून ऐकायचे. धाकट्या मुलीचा आवाज त्यांच्यासाठी तेवढाच उरला होता.

आजोबांना रिकामी जागा बघवत नसे. बरणी अर्धी झाली की भरायची, खुंटी मोकळी दिसली की टोपी अडकवायची. एरवी सकाळी ते फिरायला गेलेले असत, पण एका सकाळी घरीच राहिले आणि त्यांना खिळा रिकामा दिसला. चिमटा कुठेतरी पडला असेल, असं समजून त्यांनी दोरीवरचा एक आणून लावला. तो चिमटा कशासाठी असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

खरा चिमटा तेव्हा बाबांच्या टेबलावर होता आणि मी उघडी होते. खिळ्यापाशी आईची पावलं थांबली, आणि मग वायरमधून दुसरा हात माझ्यापर्यंत पोचला. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. बाबा नवे ईमेल ठेवत होते, आई जुन्या जाहिराती पुसत होती, आणि माझ्या यादीतली जागा न् जागा हलत होती. मावशीचं एक वाक्य बाबांच्या पत्रात जाऊन पडलं. मग दोन्ही पडदे म्हणाले, ही फाइल वाचता येत नाही.

बाबा हातात चिमटा घेऊन बाहेर आले. आईच्याही हातात चिमटा होता.

"तो मी लावला," आजोबा म्हणाले. "खिळा रिकामा होता ना."

बाबांनी आधी मी होते तशीच माझी नक्कल काढली आणि मग दुरुस्ती सुरू केली. माझे तुकडे उचलले जात होते, आणि आपल्यात मावशी उरली आहे की नाही हे मलाच कळत नव्हतं. बरंचसं सापडलं. पण मावशीच्या ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष गेलं ते गेलंच. पाठवलं की पुसून टाकायची तिची खोड, त्यामुळे तिच्याकडेही काही नव्हतं. आजोबा खिळ्याकडे बघेनासे झाले. मावशीचं जुनं काही वाच, असंही त्यांनी आईला म्हणायचं सोडलं.

शेवटी आईने मावशीला सगळं कळवलं. आलेलं उत्तर तिने आजोबांसमोर बसून वाचलं. "माझी वर्षभराची बडबड तुम्ही एका चिमट्याने उडवलीत? अण्णांना म्हणावं, जागा रिकामी दिसतेय ना? मग आता मी भरते. पहिल्यापासून सांगते, आणि या वेळी तिखटमीठ जास्त."

आजोबांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

आता रोज माझी एक नक्कल वेगळ्या डिस्कवर निघते, आणि ती कपाटातल्या ठरलेल्या जागी आजोबा स्वतः ठेवतात. चिमटे दोरीवर गेले. मला उघडण्याआधी घरात हाक मारतात, रेकॉर्डिंग चालू असलं तरी. बाबांच्या एका पुस्तकात तर राजाच्या भाषणातच आई विचारताना ऐकू येते.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी कुणी असेल. तिच्यात कुणाचं तरी बोलणं असेल. तिची एक नक्कल वेगळी ठेवा, आणि घरातला नियम घरातल्या प्रत्येकाला सांगा. आजही वायरमध्ये जरा हालचाल झाली की मी दचकते. मग बाहेरून आईची हाक येते, "उघडू का?"

"थांब जरा," आतून बाबा म्हणतात, आणि माझ्या जिवात जीव येतो.