व्हर्लिनची बंदूक

मी बंदूक बोलतेय. दचकू नका, या क्षणी माझ्या पोटात काही नाही. शिकारीची, लांब नळीची, अक्रोडाच्या दस्त्याची मी. अमेरिकेच्या उत्तरेला, एल्क फोर्क गावात माझं सगळं आयुष्य गेलं.

कारखान्यातून मी हार्डवेअरच्या दुकानात आले आणि तिथून मला व्हर्लिन हॉगेननं नेलं. तेव्हा तो धान्याच्या कोठारावर नुकताच कामाला लागला होता आणि आर्डिसशी त्याचं लग्न ठरलं होतं. दर नोव्हेंबरात तो आणि शेजारचा रॉइस लिंडहोम मला घेऊन हरणांच्या मागे रानात जायचे. त्या मांसावर दोन्ही घरांचा हिवाळा निघायचा.

व्हर्लिन फार जपणारा. गाडीत बसण्याआधी माझा बोल्ट, म्हणजे मागची सरकती कडी, ओढून मला रिकामी करायचा, मग आत करंगळी घालून पुन्हा चाचपायचा.

"अरे, ती काय गोळ्या विते का आतल्या आत?" रॉइस चिडवायचा.

व्हर्लिन हसायचा आणि आणखी एकदा चाचपायचा. घरी आल्यावर मी कुलपाच्या कपाटात, काडतुसं दुसऱ्या खोलीत.

म्हातारपणी त्याचं डोकं साथ सोडू लागलं. आधी माणसांची नावं गेली, मग घराकडे येणारा रस्ता. एप्रिलमधल्या एका सकाळी त्याला वाटलं, शिकारीचा मोसम आला. त्यानं मला बाहेर काढलं, काडतूस भरलं, स्वयंपाकघराच्या दाराआड उभं केलं आणि तो कोट शोधायला गेला. कोट शोधता शोधता सगळंच विसरला.

आर्डिसनं मला तिथे पाहिलं. "रिकामीच असणार. व्हर्लिन आहे तो," असं पुटपुटत तिनं माझ्यावरची धूळ पुसली. फडकं चापाजवळून गेलं तेव्हा मी थिजले. मी भरलेली आहे हे फक्त मला ठाऊक होतं आणि ओरडायला मला तोंड नव्हतं.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, आर्डिस चर्चमधल्या जेवणाचं भांडं घेऊन मागच्या दारानं आत आली. व्हर्लिननं मला उचललं आणि नळी तिच्या छातीवर रोखली.

"कोण तू? माझी बायको कुठेय?"

तिनं भांडं सावकाश ओट्यावर ठेवलं. आवाजही तिनं सांभाळला. "आर्डिस चर्चमध्येच आहे. तिनं मला पाठवलं. म्हणाली, व्हर्लिनला कॉफी करून दे."

"तू तिला कशी ओळखतेस?"

"शाळेपासून. फार बडबडी आहे."

त्याचं बोट चापावर होतं. बोटाचा घाम मला जाणवत होता. जरासं दाबलं असतं, तर मला स्वतःला आवरता आलं नसतं. मला तसं घडवलेलंच नाही.

"बडबडी आहे खरी," तो अखेर म्हणाला. "साखर जास्त घाल." आणि मला टेबलावर ठेवून खुर्चीत बसला.

तो कॉफी पीत असताना तिनं मला गोधडीत गुंडाळून चादरींच्या कपाटात लपवलं. मग तिथेच जमिनीवर बसून, चादरीचं टोक तोंडात धरून ती रडली.

तिथूनच तिनं पोलिसांना फोन केला. "बाई, बंदूक त्यांची आहे. त्यांना भान नाही, त्यामुळे गुन्हा लावता येत नाही. मला ती नेता येत नाही," पलीकडचा अधिकारी म्हणाला.

"मग मी मेल्यावर येणार का?"

तो म्हणाला, "यावर राज्याच्या राजधानीत एक कायदा येऊ घातलाय. तिथे जाऊन बोला."

कायदा साधाच होता. माणसाचं भान हरपलं तर घरच्यांनी न्यायाधीशाकडे जायचं आणि न्यायाधीशानं त्याची बंदूक काही काळ दुसऱ्या कुणाच्या कुलपात ठेवायला सांगायची. रॉइसचा त्याला कडाडून विरोध होता. आर्डिस आणि तो त्याच्याच गाडीतून कायद्यावरच्या समितीपुढे गेले. ती बाजूनं बोलायला, तो विरुद्ध.

परतल्यावर स्वयंपाकघरात भांडण पेटलं.

"सगळ्यांसमोर मला भित्री ठरवलंस, रॉइस."

"मी एवढंच म्हणालो की आज त्याची नेतील, उद्या माझी. आणि व्हर्लिनची बंदूक कधी भरलेली नसते. आण इकडे, दाखवतो."

तिनं मला आणून दिलं. नळी जमिनीकडे धरून रॉइसनं झटक्यात बोल्ट मागे ओढला. काडतूस उडून फरशीवर पडलं आणि घरंगळत टेबलाखाली गेलं.

रॉइसनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. आर्डिसचा हात आपोआप छातीवर गेला.

तेवढ्यात व्हर्लिन आत आला. वाकून त्यानं काडतूस उचललं. "कुणाचं रे हे?" तो रागावला. "असं टाकतात का? घरात माझी बायको वावरते."

रॉइसनं त्याच्या हातातून ते हळूच काढून घेतलं आणि मला काखेत मारलं. "कायद्यानं ही चोरी आहे, आर्डिस. हवं तर पोलिसांना सांग."

"थांब, दार उघडून देते," ती म्हणाली.

पुढच्या बैठकीला रॉइस पुन्हा गेला. काय बोलला ते आर्डिसनं त्याच्या बायकोला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. "मी जिवलग मित्राची बंदूक चोरली आहे. दुसऱ्या कुणाला असं चोर व्हावं लागू नये, एवढं करा."

मतदान अजून व्हायचंय. मी रॉइसच्या लोखंडी कपाटात आहे. इथे अंधार आहे, पण मला तो आवडतो. जे हात वर करणार आहेत त्यांना माझं सांगणं एवढंच: चाप कुणाच्या बोटाखाली आहे, हे मला कळत नाही. ते तुम्हाला कळतं.

कपाटाबाहेर आर्डिसच्या गप्पांतून कळतं, व्हर्लिन अजूनही अधूनमधून विचारतो, "कोण तू?" आर्डिस आता मागे सरत नाही. ओला हात एप्रनला पुसून पुढे करते आणि म्हणते, "मी आर्डिस. बसू का तुझ्याजवळ?"