मिस्त्रींचा हात

कॅप्टनने खुर्ची ओढून आतल्या खोलीच्या दारातच ठाण मांडलं, तेव्हा टेबल पुसता पुसता मिस्त्रींच्या बायकोचा, वहिनींचा हात थांबला.

"आज मी हलणार नाही," कॅप्टन म्हणाला. "बाकीच्या गॅरेजवाल्यांनी या पंपापुढे हात टेकले. तुमचा हात कसा चालतो ते बघूनच जाणार, मिस्त्री."

मिस्त्री हसले. वहिनींना हसू आलं नाही.

कॅप्टनने जन्मभर जहाजं हाकली होती. पण वडिलांच्या मागे राहिलेली ती दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार भर चौकात आचके देऊन बंद पडली, की त्याचा चेहरा बुडत्या माणसासारखा व्हायचा. गाडीला कार्ब्युरेटर नव्हता. इंजिनाच्या कुशीतला इंजेक्शन पंप सहा बारीक नळ्यांतून पेट्रोल मोजून मापून पाजायचा. "बसणारे दोघं आणि पिणारी तोंडं सहा," असं वहिनी पहिल्या दिवशी बोलून गेल्या, त्यावर कॅप्टन पोट धरून हसला होता.

त्या पंपात सहा प्लंजर होते. प्लंजर म्हणजे बोटाएवढा गुळगुळीत दट्ट्या. तो ज्या नळीत सरकतो, त्या नळीशी त्याला घासून घासून जमवलेलं असतं. दिसायला सगळे सारखे, पण एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या नळीत चालत नाही. म्हणून मिस्त्रींच्या घरी सहा वाट्या मांडलेल्या असायच्या, दट्ट्या-नळीच्या एकेका जोडीला एकेक, आणि एका वेळी एकाच वाटीला हात लावायचा हा तिथला नेम. धुळीचा कणही पंपाला मारक, म्हणून हे काम गॅरेजात न होता स्वयंपाकघरामागच्या खोलीत व्हायचं. ती खोली पुसण्यापासून वहिनींचं सुरू झालं. मग वाट्या धुणं, मग जोड्या पुसून मिस्त्रींच्या हातात देणं. पुढे मधुमेहाने मिस्त्रींच्या बोटांतली जाणीव गेली आणि सगळंच काम वहिनींकडे आलं.

कारण हे काम डोळ्यांचं नव्हतंच. दट्ट्या तेलात बुडवून नळीत थोडा वर ओढायचा आणि सोडायचा. तो आपल्याच वजनाने, सासरी निघालेल्या मुलीसारखा रेंगाळत खाली उतरला पाहिजे. कुठे अडला, कुठे फार सैल सुटला, ते बोटालाच कळतं.

बाहेर कुणाला यातलं काही ठाऊक नव्हतं. वहिनींना नावाची पाटी नको होती, कौतुकही नको होतं. खोटं तेवढं सोसत नव्हतं. हा पंप घरात आला तेव्हा जेवायला वाढता वाढता त्यांनी हळूच विषय काढला होता, आणि मिस्त्री म्हणाले होते, "एवढा पुरा होऊ दे. कॅप्टनला मी स्वतः सांगेन, दोघांनी केला म्हणून."

त्या एका वाक्याच्या बळावर वहिनींनी हे काम ओढत आणलं होतं. पेट्रोल फवारणाऱ्या तुंबलेल्या नोझलची तोंडं साफ केली, फवारा धुक्यासारखा पडेपर्यंत पुन्हा पुन्हा तपासला. आता फक्त जोड्या बसवायच्या राहिल्या होत्या. त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

मिस्त्रींनी एकदा कॅप्टनकडे पाहिलं, मग स्टुलाकडे.

"तू चहाचं बघ," ते म्हणाले.

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. आधण ठेवून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पहिल्या दोन जोड्या मिस्त्रींनी बऱ्या बसवल्या. कॅप्टन वादळातल्या गोष्टी सांगत होता, मिस्त्री रंगात आले होते. तेवढ्यात त्यांनी तिसऱ्या आणि चौथ्या वाटीतले दट्टे एकदमच उचलले, तळहातावर शेजारी शेजारी ठेवले आणि कॅप्टनपुढे धरले. म्हणाले, सांगा बघू, यांत फरक दिसतो का. कॅप्टनने कपाळावर चष्मा चढवून हार मानली. मिस्त्रींनी ऐटीत दट्टे परत ठेवले. तिसऱ्याचा चौथ्यात गेला, चौथ्याचा तिसऱ्यात.

चहा ठेवताना वहिनी वाकून हळूच म्हणाल्या, "अहो, तिसरी वाटी एकदा बघून घेता का?"

मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांना कळलं होतं. पण कॅप्टन समोर होता.

"तू चहातली साखर बघ," ते म्हणाले, "पंप मी बघतो."

कॅप्टन हसला. वहिनी आत गेल्या.

पंप चढवल्यावर गाडी सुरू झाली, जराशी खोकत का होईना. इंजिन तापलं आणि वळणावरच चौथ्या नळीतला दट्ट्या अडकला. गल्लीतल्या चार जणांनी ढकलत ती परत आणली. एकजण म्हणाला, दोन सीटांची गाडी पण थाट वरातीचा. कॅप्टनचा शर्ट घामाने भिजला होता. मिस्त्रींनी त्याच्यादेखत पंप उघडला, आणि आत काय झालंय ते कॅप्टनलाही दिसलं.

"धुताना वाट्यांची अदलाबदल झाली," मिस्त्री म्हणाले. "घरच्यांना किती वेळा सांगायचं."

कॅप्टनने मान डोलावली. "जाऊ द्या हो, मिस्त्री. वहिनींना काय कळणार त्यातलं."

ते तो अगदी मायेने बोलला. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. मिस्त्रींनी मान वर करून एकदा तरी बघायला हवं होतं. ते पाने पुसत राहिले.

दट्ट्यावरचा ओरखडा वरवरचा होता. पंपाने कुणाचं काय वाईट केलं होतं? सकाळी वहिनी टेबलाशी बसल्या, ओरखडा घासून काढला, जोड्या आपापल्या जागी लावल्या. मिस्त्री बाजूला दिवा धरून उभे होते.

कॅप्टन आला तेव्हा गाडी इतकी सुरेख चालत होती की शेजारी बाहेर येऊन बघत उभे राहिले. लांबची फेरी मारून तो परतला, बॉनेट उघडून इंजिनाचा एकसारखा सूर ऐकत राहिला, आणि मिस्त्रींच्या कौतुकाला त्याने सुरुवात केली. असं काम आता कुठे बघायला मिळत नाही, म्हणाला. मिस्त्री खाली बघून हसत होते. त्यांची दोन बोटं इंजिनातून निघणाऱ्या तापलेल्या धुराच्या पाइपला टेकली होती.

वहिनींनी पाहिलं. एरवी त्यांनी तिथल्या तिथे नवऱ्याचा हात बाजूला ओढला असता.

"देवाने हात दिलाय तुम्हाला, मिस्त्री," कॅप्टन म्हणत होता. "नुसत्या बोटांनी ओळखता."

वहिनींनी त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं.

"अहो," मग त्या म्हणाल्या, "हात भाजतोय तुमचा."

मिस्त्रींनी हात उचलला आणि अनोळखी वस्तूकडे बघावं तसं बोटांकडे पाहिलं. कातडी पांढरी पडली होती. कॅप्टनची नजर त्या बोटांवरून वहिनींच्या हातांकडे गेली, त्यांच्या नखांत बसलेल्या तेलाच्या काळ्या रेघांवर थांबली आणि तिथून पटकन गाडीकडे वळली.

"मलम लावा," तो म्हणाला. मग गाडीत बसता बसता म्हणाला, ओळखीच्यांच्या आणखी दोन जुन्या गाड्या आहेत, पाठवून देतो. हे तो मिस्त्रींशीच बोलला.

घरात वहिनींनी मिस्त्रींचा हात मांडीवर घेतला. मिस्त्री भिंतीकडे बघत होते. वहिनी अगदी हलक्या बोटांनी मलम लावत राहिल्या. हलक्या की जड, मिस्त्रींना काही कळणार नव्हतं.