अंगठ्याचे डाग

मी पुठ्ठ्याचा फोन बोलतोय. हसू नका. ज्याच्यात बॅटरी नाही त्याने बोलू नये, असा काही कायदा आहे का?

माझा जन्म वसईतल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत झाला. चहाच्या कागदी कपांचं खोकं रिकामं झालं आणि संपदाने त्याची एक बाजू कात्रीने कापली. कोपरे गोल केले, पेन्सिलीने पडदा काढला, वरच्या बाजूला दोन बटणं काढली: ‘आहे’ आणि ‘संपलं’. झालो मी तयार. शाळा नाही, कॉलेज नाही.

संपदा तिथली डिझायनर. कंपनी अर्नाळ्याच्या मासळी विकणाऱ्या बायकांसाठी ॲप करत होती. फ्लॅटवाले फोनवरून मासळी मागवणार, बाईने नुसतं एक बटण दाबायचं.

या लोकांची कामाची तऱ्हा मी टेबलावरून पाहिली. दर दोन आठवड्यांनी थोडं काम पुरं करून दाखवायचं, त्याला ते स्प्रिंट म्हणतात. रोज सकाळी सगळे गोल करून उभे राहतात आणि काल काय केलं ते सांगतात. बसलं की माणूस लांबड लावतो, म्हणून उभं राहायचं म्हणे. विघ्नेश उभ्या उभ्याही लांबड लावायचा. कोड तो लिहायचा, झपाट्याने आणि तोऱ्यात. संपदाचं चित्र पुरं व्हायच्या आत त्याचं बटण तयार.

संपदाचं म्हणणं एकच होतं, की आधी बायकांना दाखवू, मग बांधू. साहेब, म्हणजे चंद्रहास, म्हणायचे की दोन आठवड्यांत फिरायला वेळ कुठून आणायचा? शेवटी ते एवढ्यावर आले, की शुक्रवारच्या आत तिने एकदा जाऊन यावं. त्यातून काही निघालं तर ठीक, नाहीतर पुढच्या स्प्रिंटपासून तिने रंग आणि आयकॉन तेवढे बघावेत. संपदाने मला पिशवीत टाकलं आणि अर्नाळ्याची बस धरली.

बाजारात आग्नेसबाय पापलेटं मांडून बसली होती. संपदाने मला तिच्या डाव्या हातात दिलं आणि विचारलं, दोन पापलेटांची मागणी आली आहे, आता काय कराल? शेजारची अँजेलिना फिदीफिदी हसली. म्हणाली, आज पुठ्ठ्यावर ऑर्डर घेते, उद्या पापलेटाचा फोटो विकेल.

आग्नेसबायच्या उजव्या हातात मासा होता. डावा अंगठा ओला, त्याला खवले चिकटलेले. तो माझ्यावर पडला आणि अंगावर काटा आला, पुठ्ठ्याला येतो तेवढा. अंगठा वर वर सरकला, पण बटणापर्यंत पोचेना. मग तिने खालीच दाबलं. तिथे काहीच नव्हतं. पुन्हा दाबलं.

“बाय, सांग ना कुठं दाबू?”

संपदाने ओठ घट्ट मिटले होते. अशा वेळी मदत करायची नाही, हा तिचा नियम. “तुम्हाला वाटेल तिथं,” एवढंच म्हणाली.

“मला वाटंल तिथं तू बटन ठेवलंच नाय. वरती कोन पोचंल? म्हावरं खाली ठेवू, का गिऱ्हाईक सोडू?”

त्या दिवशी पाच जणींनी मला हाताळलं. परतताना मी पार मऊ पडलो होतो, आणि बसमधली माणसं आमच्यापासून लांब सरकत होती.

शुक्रवारी विघ्नेशने त्याची बटणं दाखवली, टाळ्या घेतल्या. मग संपदाने मला टेबलावर ठेवलं. साहेबांनी नाकाला रुमाल लावला, पण बघत राहिले. माझा वरचा भाग कोरडा ठणठणीत होता. खाली मात्र अंगठ्याचे डागच डाग, एकावर एक. पाच बायकांपैकी एकीचाही अंगठा बटणापर्यंत गेला नव्हता.

“सवय नाही त्यांना,” विघ्नेश म्हणाला. “शिकतील.”

“उजव्या हातात चहा धर,” संपदा म्हणाली, “आणि डाव्या अंगठ्याने ‘आहे’ दाब.”

त्याने अंगठा ताणला, मनगट वाकडं केलं, आणि मी सटकलो तो डोक्यावर त्याच्या चहात. सगळी खोली हसली, सगळ्यात मोठ्याने विघ्नेशच. मला झटकत म्हणाला, “खाली आणतो यार. सोमवारच्या आत आणतो.”

साहेबांनी फळ्यावर लिहिलं: दर स्प्रिंटचा पहिला मंगळवार, अर्नाळा. पुढे संपदाचं नाव घातलं आणि तिच्याशेजारी विघ्नेशचं.

तेव्हापासून माझी कितीतरी भावंडं तिथून ओली होऊन आली. आग्नेसबाय आता खऱ्या फोनवर खालचं मोठं बटण दाबते, हातातला मासा न सोडता. विघ्नेश दिसला की आधी विचारते, “आज काय चुकवून आणलंस, बाला?” आणि तो मुकाट्याने पिशवीतून पुठ्ठा काढतो.

मी आता ऑफिसच्या भिंतीवर खिळ्याला असतो. एक बोका खिडकीत बसून तासन्‌तास माझ्याकडे बघतो, असं प्रेम कुठल्या महागड्या फोनला मिळालंय? साहेबांच्या मनात मात्र मला काचेच्या फ्रेममध्ये घालायचं आहे. वास कोंडला जाईल म्हणे.

साहेब, एवढं करू नका. काचेवरचा अंगठा रुमालाने पुसला जातो, माझ्यावरचा गेला नाही. मला असाच उघडा राहू द्या. कामाला नवीन कोणी आलं, की आधी मला त्याच्या डाव्या हातात द्या. उजव्या हातात चहा.