तिसऱ्या गिअरवरचा हात

तात्या सहा वाजता उठले. एकतीस वर्षे पहाटेची पहिली बस काढलेल्या माणसाला गजर लागत नाही. उलट निवृत्तीनंतर त्यांनी मोठ्या कष्टाने स्वतःला तासभर जास्त झोपायला शिकवले होते. त्यांनी दूध तापवले, चहा टाकला, दाराबाहेरचा पेपर आत आणला आणि खिडकीतून खाली गाडीच्या जागेकडे पाहिले. जागा रिकामी होती. गाडी दोन दिवसांपासून गॅरेजमध्ये होती.

पावणेसातला सून टेबलाशी येऊन बसली. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचे हातपाय पुन्हा चालते करणे हे तिचे काम. बॅगेत तिने रबरी पट्टे, वाळूच्या दोन लहान पिशव्या आणि सांध्याचा कोन मोजायची पट्टी भरली, आणि एका हाताने टोस्ट खात ती मोबाइलवर बसच्या वेळा पाहू लागली. तात्यांच्या हातून चमचा पडला. तो उचलायला ते वाकले, तेव्हा त्यांना टेबलाखाली तिचा डावा पाय दिसला. टाच फरशीला टेकलेली, चवडा सावकाश खाली जायचा, तळाशी क्षणभर थांबायचा आणि त्याहून सावकाश वर यायचा.

ती क्लचचा सराव करत होती.

तात्यांनी चमचा उचलला, बेसिनकडे नेला आणि धुवायची गरज नसलेले दोन कपही धुऊन टाकले.

दोन महिन्यांपूर्वी गाडीचा तिसरा गिअर चालता चालता सुटायला लागला, तेव्हा घरात खटला चालवायची गरजच पडली नव्हती. मुलगा परगावी नोकरीला. गाडी चालवणारी माणसे दोनच. एकाच्या नावावर एकतीस वर्षांची बिनअपघाताची नोकरी, दुसरीच्या लायसन्सला जेमतेम चौदा महिने. खापर कोणाच्या डोक्यावर फुटणार हे ठरलेलेच होते. सून भांडली नाही. ती म्हणाली, "तात्या, मी काय चुकते ते सांगा ना. मी सुधारते." म्हणून ते दोन दिवस तिच्या शेजारी बसले. दोन दिवसांत त्यांना तिची एकही चूक सापडली नाही. पण रिकाम्या हाताने उतरणे त्यांच्या मानाला झेपणारे नव्हते. "क्लच अर्धवट दाबतेस तू," ते म्हणाले होते. "अशाने गिअरबॉक्सचं वाटोळं होतं. काही दिवस गाडी माझ्याच हातात राहू दे."

गाडी त्यांच्या हातात राहिली आणि आजार वाढला. गेल्या आठवड्यात चढावर तिसरा गिअर त्यांच्याच हाताखाली फटकन सुटला. मग मात्र ते निमूटपणे गॅरेजमध्ये गेले.

"आज सांगतील ना काय झालंय ते?" सुनेने बॅग खांद्याला लावत विचारले.

"सांगतील," तात्या म्हणाले.

गॅरेजच्या मालकाला सगळे वस्ताद म्हणत. गिअरबॉक्सचे दोन भाग पत्र्याच्या टेबलावर वेगळे ठेवून तो चिंधीने हात पुसत उभा होता.

"या तात्या. पेशंटचं पोट उघडलंय, बघून घ्या. नंतर म्हणाल वस्तादनं किडनी काढली."

"बडबड पुरे. क्लचमुळेच ना?"

"क्लच? कोण म्हणालं?" वस्तादने एक दातेरी चाक दिव्याखाली धरले. "दात बघा. कोपरेसुद्धा झिजलेले नाहीत. क्लच नीट न दाबता गिअर घालणाऱ्याच्या गाडीत दातांचा भुगा होतो. ही गाडी कुणीतरी फार जपून चालवलीय."

तात्यांनी चाकाच्या दातांवरून अंगठा फिरवला.

"दुखणं इथं आहे." वस्तादने दोन बोटे वाकवावीत तसा एक लोखंडी तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. "हा फोर्क. आपण वर दांडा हलवतो, हा आत गिअर सरकवतो. गिअर पडला की याचं काम संपलं, यानं मोकळं राहायचं. पण वरून दांड्यावर भार असला, की हा फिरत्या चाकाला घासत बसतो. सहाणेवर चंदन उगाळल्यासारखा."

फोर्कचे एक बोट जाड होते. दुसरे चाकूच्या पात्यासारखे पातळ झाले होते.

"भार कसला?" तात्यांनी विचारले, आणि विचारता विचारताच उत्तर त्यांना कळले.

"हाताचा. काही लोकांना सवय असते, गिअर टाकला तरी हात दांड्यावरच. जुन्या बसवाल्यांना तर हमखास. तुमच्या त्या बसचा दांडा सारखा थरथरायचा, धरून नाही बसलं तर गिअर बाहेर. खरं ना?"

"खरं."

"बसला ते औषध होतं, हिला विष." वस्ताद हसला, मग तात्यांचा चेहरा पाहून थांबला. तो जुना माणूस होता. सुनेच्या क्लचबद्दल तात्यांनी याच गॅरेजच्या बाकड्यावर बसून काय काय ऐकवले होते, ते त्याला आठवत असावे. त्याने आवाज खाली आणला. "हे बघा, दोन रस्ते आहेत. भंगारवाल्याकडे याच मॉडेलचा चालू गिअरबॉक्स आहे. संध्याकाळपर्यंत बसवतो. जुना आख्खा भंगारात जाईल. काय झिजलं, कशानं झिजलं, कुणी विचारायला येणार नाही. नाहीतर नवा फोर्क आणि त्यालगतची कडी मागवतो, हाच बॉक्स दुरुस्त करतो. चार दिवस लागतील. पण हा बॉक्स चांगला आहे, तात्या. त्या भंगारातल्याची हमी मी देत नाही."

"उद्या सांगतो," तात्या म्हणाले.

दुपारी सून थकून आली. दोन बस आणि मधले चालणे यांत तिचा अर्धा दिवस जात असे. तिने पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि सासूला सांगू लागली, "आज माझ्या त्या घड्याळजी आजोबांनी पाचच पावलं टाकली, आई. दोन महिन्यांपूर्वी बारा टाकत होते. गाडी होती तेव्हा मी आठवड्यातून तीनदा जायचे, पाय ऐकत होता. आता एकदा जाते, आणि तो सगळं विसरून बसतो."

"घरची माणसं करून घेत नाहीत का?"

"करतात. पण ते त्यांचं ऐकत नाहीत. मला म्हणाले, पोरी, मी घड्याळं दुरुस्त करायचो, चावी रोज द्यावी लागते हे मी तुला काय सांगू." मग ती तात्यांकडे वळली. "काय निघालं हो?"

"अजून उघडतायत," तात्या म्हणाले.

"मी ठरवलंय. दुरुस्त झाली तरी मी नाही चालवणार. उगाच तुमच्या गाडीचं पुन्हा नुकसान नको. लांबचे दोन पेशंट दुसऱ्या कुणाला तरी देते. घड्याळजींनाही."

सासू पुटपुटली, "तेच बरं. यांच्या जिवाला घोर नको." तात्या पुढ्यातल्या पेपरमधली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. आयुष्यात त्यांनी कधी कोणा प्रवाशाला भर रस्त्यात उतरवून ठेवले नव्हते. आता ते घरातल्याच माणसाला उतरवत होते, आणि तीही त्यांचे आभार मानत उतरत होती. वस्तादचा पहिला रस्ता त्यांना पुन्हा दिसला. संध्याकाळपर्यंत गाडी दारात. सूनही गाडीला हात लावणार नाही, म्हणजे प्रश्न कायमचा मिटला. किती सोपे, आणि किती हलकट, असे त्यांच्या मनात आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिच्याबरोबर बसथांब्यापर्यंत गेले. त्यांनी बॅगेसाठी हात पुढे केला; तिला आश्चर्य वाटले, पण तिने बॅग दिली नाही.

"गाडी तू बिघडवली नाहीस," तात्या म्हणाले. "मी बिघडवली. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून बसायची माझी सवय. वस्तादनं काल तो घासलेला तुकडा माझ्या हातात ठेवला. काल मी तुला खोटं सांगितलं."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. "आणि क्लच?"

"क्लच तू नीटच दाबतेस. ते मी... काहीतरी सांगायला हवं, म्हणून सांगितलं."

तिने बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. थांब्यावरच्या एका बाईने सरकून तात्यांना बसायला जागा केली. ते बसले नाहीत.

"दोन महिने, तात्या," ती म्हणाली. "मी रात्री पडल्या पडल्यासुद्धा पाय दाबत होते. मला वाटायचं, ज्याला स्वतःचा पाय कळत नाही, त्यानं दुसऱ्याच्या पायाला काय शिकवावं."

"चुकलं माझं."

"हो. चुकलं." तिने ते सोडून दिले नाही, की गोडही केले नाही. बस आली. पायरीवर एक पाय ठेवून ती म्हणाली, "आईंनाही सांगा. त्यांनी सगळ्या बिल्डिंगला सांगितलंय."

तात्यांनी घरी जाऊन आधी बायकोला सांगितले. ती ऐकून घेतल्यावर म्हणाली, "अहो, आता त्या शेजारणीला मी काय तोंड दाखवू?"

"माझं दाखव. मी येतो बरोबर," तात्या म्हणाले, आणि खरोखरच गेले. मग गॅरेजमध्ये जाऊन त्यांनी वस्तादला सांगितले, "भंगारातला नको. हाच दुरुस्त कर. चार लागोत की आठ."

पाच दिवस लागले. पाचव्या दिवशी दुपारी वस्तादने किल्ली पुढे केली. "चला तात्या, एक चक्कर मारून बघा. गिऱ्हाइकानं ट्रायल घेतल्याशिवाय मी गाडी सोडत नाही."

"गिऱ्हाईक येतंय," तात्या म्हणाले.

सून कामावरून परस्पर तिथे आली. तिने सीट पुढे ओढली, आरसे स्वतःच्या उंचीला लावले आणि खिडकीची काच खाली केली. "बसताय?"

"नको. तू थेट घड्याळजींकडे जा. माझ्यासाठी वळसा कशाला?"

तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, मान हलवली आणि गाडी रस्त्यावर काढली. कोपऱ्यापर्यंत इंजिनाचा आवाज एकदा बदलला, दोनदा बदलला, तिसऱ्यांदा बदलला. वस्ताद कान देऊन ऐकत होता. "सुटला नाही," तो म्हणाला.

तात्यांनी खिशात सुटे पैसे आहेत का ते चाचपले आणि ते थांब्याकडे चालू लागले.