हात वर गेला तेव्हा

पुस्तकबांधणीच्या त्या दुकानात दोघं भावंडं राबत. धाकटी पानं शिवायची, दादा कडा कापायचा. बाप एकच, त्यामुळे लहानपणी मारही वाटून खाल्लेला. वाटून कसला, दादाच पुढे व्हायचा आणि धाकटीच्या वाट्याचाही स्वतः खायचा. बाप गेला, तरी 'खाण तशी माती' असं कुणी सहज म्हटलं की धाकटीचा टाका चुकायचा. पोटच्या पोरीवर एकदा जरी हात उचलला, तर आपण त्याचीच लेक ठरलो, ही तिची धास्ती.

पोर पाच वर्षांची, लाडाने ठकी. मोठी टाळीबहाद्दर! स्वतःच विनोद करायचा, स्वतःच खिदळायचं आणि "आई, टाळी दे!" आईने हात वर केल्याशिवाय सुटका नाही.

त्या दुपारी एका बाईंचा प्रबंध बांधायचा होता. बाई संध्याकाळी न्यायला येणार होत्या. धाकटी पानं लावून चहा टाकायला आत गेली. परत येते तो काय, ठकीने खळीचं भांडं रिकामं करून पानन् पान एकमेकांना चिकटवलेलं. प्रबंधाची वीट झाली होती.

"आई, बघ! आता एकही पान सुटणार नाही!"

धाकटीचं डोकं फिरलं. भान येण्याआधीच हात वर गेला, अगदी बापासारखा, खांद्यामागे ताणून.

कापायच्या यंत्रापाशी उभ्या दादाने कोपर डोक्यावर घेतलं आणि तो मटकन खाली बसला. पन्नाशीचा, दारात न मावणारा गडी!

आणि ठकी? तिने टाचा उंचावून आपला इवलासा तळवा पुढे धरला होता. "दे ना! जोरात!"

उगारलेल्या हाताचा दुसरा काही उपयोग असतो, हे त्या पोरीला माहीतच नव्हतं. धाकटीचा हात खाली आला, तो त्या तळव्यावर, अलगद.

"ही कसली टाळी!" ठकी फुरंगटली.

धाकटीने तिला कवटाळलं. हसू आणि रडू एकदमच फुटलं.

"मामा, तू का लपलास?"

"सवय गं," दादा गुडघे झटकत उठला. "बाईंना फोन करतो. पानं पुन्हा छापून घेऊ."

"आधी टाळी! आई, मामाला पण दे."

धाकटीने हात वर केला, चांगला उंच. दादाने बघितलं, पण या खेपेला कोपर डोक्यावर घेतलं नाही.