कोरिनसाठी हलका लॅपटॉप

"हा उचलून बघ, लुएला. हातात काही आहे असं वाटतच नाही!"

"अरे, लॅपटॉप घेतोयस की खरबूज?" मी म्हटलं. माझा धाकटा भाऊ वेंडेल एकेक लॅपटॉप तळहातावर तोलत होता आणि मागचे लोक चुळबुळत होते. करमाफीचा शनिवार होता तो. या दिवशी शाळा-कॉलेजच्या सामानावर विक्रीकर नसतो, म्हणून अख्खं टेनेसी राज्य दुकानांत लोटतं. वेंडेल उन्हाळाभर याच दिवसाची वाट बघत थांबला होता. तो शाळेची बस चालवतो; शाळा बंद की पगारही बंद.

वजनाचं वेड काही उगीच नव्हतं. त्याच्या मुलीच्या, कोरिनच्या, पाठीत ऑपरेशन करून सळ्या बसवल्यात. दप्तर जरा जड झालं की पोरगी ओठ चावत चालते, पण बोलत नाही. आणि तिला व्हायचं होतं इंजिनीअर, तेही पूल बांधणारी. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी ती पहिलीच. लॅपटॉप कसा निवडतात हे आम्हा दोघांना कुठून ठाऊक असणार? तिला विचारावं, तर वेंडेलला तिला चकित करायचं होतं.

"कशासाठी हवाय?" काउंटरवरच्या बाईने विचारलं.

"कॉलेजसाठी!" हे वेंडेलने इतक्या तोऱ्यात सांगितलं की ती पुढे काही विचारायचं विसरूनच गेली. शेवटचा नग आहे, म्हणून स्वस्त आहे, परत घेणार नाही, एवढं मात्र तिने दोनदा बजावलं.

"परत कोण करतंय!" वेंडेल हसला.

संध्याकाळी कोरिन तो पिशवीत घालून, पाठीला लावून घरभर फिरली. "डॅड, कळतसुद्धा नाही!" म्हणाली. वेंडेल लगेच मागच्या अंगणात गेला. डोळे पुसायला गेला होता, मला काय कळत नाही?

कॉलेजात नव्या मुलांना आणि आईबापांना बोलावतात, त्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मोठ्या हॉलमध्ये नाव नोंदवायला प्रत्येक विषयाचं वेगळं टेबल होतं, आणि प्रत्येकापुढे रांग. इंजिनीअरिंगच्या टेबलावरच्या माणसाने लॅपटॉप उघडला, उलटा करून पाहिला आणि मान हलवली.

"यावर आमचा आराखड्यांचा प्रोग्रॅम चालणार नाही. हा इंटरनेटपुरता आहे."

"मग काय लागतं ते घाला की आत," वेंडेल म्हणाला. "मी बसचं इंजिन उतरवतो. हे तर एवढंसं."

"यात काही वाढवता येत नाही, सर."

मग त्याने तो प्रोग्रॅम चालेल असा लॅपटॉप दाखवला. कोरिनने तो चार्जरसकट पिशवीत घातला, पाठीला लावला, थोडी चालली आणि गुपचूप उतरवून ठेवला. किंमत ऐकून वेंडेल म्हणाला, "ट्रक विकतो."

"आणि बस डेपोत कसा जाशील? उडत?"

"आमच्या लॅबमध्ये मोठे कॉम्प्युटर आहेत ना," तो माणूस म्हणाला. "संध्याकाळी कुणीही वापरावेत."

संध्याकाळी कोरिनला वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम होतं. त्यावरच तर फी भागायची. मला त्या माणसाचा भयंकर राग आला. बिचारा भला होता, पण रागवायला दुसरं कोण होतं समोर?

"आलेच मी," म्हणत कोरिन गेली. बराच वेळ आली नाही म्हणून बघायला गेले, तर ती अकाउंटिंगच्या रांगेत उभी.

"पोरी, हे काय चालवलंयस?"

"आत्या, यांचं सगळं या लॅपटॉपवर होतं. विचारलं मी."

"आणि पूल?"

तिने मान फिरवली. "डॅडला सांग, मला आकडे आवडतात. आणि मी हसत होते म्हणून सांग."

मी परत आले ते शब्द जुळवत. पण वेंडेल उभा होता तिथून अकाउंटिंगचं टेबल सरळ दिसत होतं, आणि तो तिकडेच बघत होता.

"तुमचं झालं का?" मागच्या बाईने विचारलं.

"तुम्ही व्हा पुढे," वेंडेल तिला म्हणाला. तो जरासा बाजूला झाला, पण इंजिनीअरिंगची रांग सोडली नाही. "माझी मुलगी येतेय."

तिच्या मागच्यालाही त्याने पुढे जाऊ दिलं, आणि त्याच्या मागच्यालाही.